डिकीतला बेस: ॲम्प आणि सबवूफरची जोडी जमवताना

गाडीच्या डेकच्या तोंडावर बहुतेक वेळा '५० वॅट × ४' असं छापलेलं असतं. हा आकडा कुठून येतो ते शाळेतल्या भौतिकशास्त्रावर काढता येतं. इंजिन चालू असताना गाडीतली वीज साधारण १४.४ व्होल्टची असते. डेकमधली चिप स्पीकरच्या दोन्ही तारा आळीपाळीने उलट्या दिशांना ओढते, त्यामुळे स्पीकरला जास्तीत जास्त १४.४ व्होल्ट एका बाजूला आणि तितकेच दुसऱ्या बाजूला मिळू शकतात. स्पीकर ४ ओहमचा. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम म्हणजे वॅट. १४.४ चा वर्ग २०७, त्याला ४ ने भागलं की ५२. झाले ५० वॅट!

अडचण एवढीच की हा हिशेब खरा ठरायला डेकमधून पूर्ण चौकोनी लाट बाहेर पडावी लागते, आणि चौकोनी लाट म्हणजे गाणं नव्हे, नुसता फाटका आवाज. स्वच्छ, गोलाईदार लाटेचा हिशेब मांडला तर त्याच १४.४ व्होल्टमधून २६ वॅट निघतात. चिपमध्ये वाया जाणारे वजा करा, हातात पडतात १८ ते २०. म्हणजे डेकवर छापलेला आकडा खोटा म्हणता येत नाही आणि खराही म्हणता येत नाही. गाडीच्या ऑडिओच्या धंद्यात अशा आकड्यांची खोगीरभरती आहे. बेस सुधारायला निघालेल्या माणसाचे निम्मे पैसे त्यांच्यापायी वाया जातात.

या १८-२० वॅटवर गाणं वाईट ऐकू येत नाही. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते, आणि दारातले बरे साडेसहा इंची स्पीकर तिथपर्यंत पोचतात. ख्याल, नाट्यसंगीत, भावगीतं एवढंच ऐकणाऱ्याने सबवूफरच्या नादी लागूच नये; दारांच्या पत्र्याला आतून ब्युटिल रबराची शीट चिकटवून घ्यावी आणि चांगले स्पीकर बसवावेत. पण बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झवर वाजते. १९८० साली आलेल्या रोलंड टीआर-८०८ या तालयंत्राचा लांबत जाणारा 'ढुम्' ५० हर्ट्झच्या आसपासचा, आणि त्याच्या नकला आज हिप-हॉपपासून वरातीच्या गाण्यांपर्यंत सगळीकडे घुमतात. तिथे दारातला स्पीकर हात टेकतो.

याला दोन कारणं आहेत. पहिलं आपल्या कानाचं. बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं, की खालचे सूर ऐकण्यात कान फार मंद असतो. १,००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा सूर जितका मोठा वाटतो, तितकाच मोठा ५० हर्ट्झचा सूर वाटायला हवा असेल तर तो सुमारे ७८ डेसिबलवर वाजवावा लागतो. शक्तीच्या भाषेत हा फरक सहा हजार पटींचा. आवाज वाढवला की ही दरी कमी होते, पण मिटत नाही. त्यातून गाडी वेगात असली की टायर आणि रस्त्याचा घोंगाट नेमका याच पट्ट्यात बसलेला असतो आणि बेस गिळून टाकतो. दुसरं कारण स्पीकरचं. सूर निम्म्यावर आला की तेवढाच आवाज काढायला पडद्याला चौपट अंतर पुढेमागे हलावं लागतं. ८० हर्ट्झला एक मिलिमीटर हलणारा पडदा ४० ला चार आणि २० ला सोळा मिलिमीटर मागतो. साडेसहा इंची स्पीकरचा पडदा सुमारे १३० चौरस सेंटिमीटरचा, १२ इंची सबवूफरचा ४८० च्या घरातला. मोठा पडदा, लांब हलणारी कॉइल, आणि ती हलवायला भरपूर वीज: सबवूफर आणि त्याच्यासाठी वेगळा ॲम्प लागतो तो यासाठी.

ॲम्प करतो काय, तर आधी बॅटरीचे १२-१४ व्होल्ट वर चढवतो. २ ओहमच्या सबवूफरला ४०० वॅट द्यायचे तर सरासरी २८ आणि लाटेच्या टोकाला ४० व्होल्ट लागतात. तेवढे बॅटरीत नाहीतच. म्हणून ॲम्पच्या पोटात एक छोटा वीजपुरवठा असतो. तो बॅटरीच्या विजेची सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून ट्रान्सफॉर्मरमधून जास्त व्होल्टची वीज तयार करतो. डेकमध्ये ही सोय नसते. डेकचा बेस कितीही वाढवला तरी भिंतीला टक्कर बसते ती इथे.

खोक्यावरचा आकडा आणि पाठीवरचा फ्यूज

दुकानात पहिलं वाक्य ठरलेलं: "साहेब, तीन हजार वॅटचा आहे, काचा हलतील." त्या तीन हजारांकडे बघूही नका. सबवूफरच्या माहितीपत्रकात 'आरएमएस' असं लिहिलेला आकडा शोधा. तो न थांबता, तासन्‌तास सोसता येणारी शक्ती सांगतो. बाकी 'मॅक्स', 'पीक', 'म्युझिक पॉवर' ही जाहिरातीची भाषा. ॲम्पच्या बाबतीत अमेरिकेत २००३ साली 'सीईए-२००६' नावाचं मानक आलं: १४.४ व्होल्ट, ४ ओहम, आणि विकृती एक टक्क्याच्या आत असताना मिळणारी शक्ती तेवढीच लिहायची. माहितीपत्रकात या मानकाचा उल्लेख असेल तर त्या आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

नसेल तर ॲम्प उलटा करा आणि तारा जोडायच्या जागेजवळचा फ्यूज बघा. समजा तिथे ३० अँपिअरचा एक फ्यूज आहे. ३० गुणिले १४.४ म्हणजे ४३२ वॅट. या ॲम्पला बॅटरीकडून सतत मिळू शकणारी ही जास्तीत जास्त वीज. ॲम्प जुन्या 'एबी' वर्गाचा असेल तर यातली निम्मी किंवा थोडी जास्त आवाजाकडे जाते आणि उरलेली उष्णता होऊन ॲम्पच्या पंख्यांसारख्या दिसणाऱ्या ॲल्युमिनिअमच्या पट्ट्यांतून बाहेर पडते. म्हणजे उत्पन्न झालं २३०-२४० वॅट. 'डी' वर्गाचा असेल तर ८० टक्के धरा, साडेतीनशे. खोक्यावर दोन हजार छापलेले असोत की पाच हजार, फ्यूज खोटं बोलत नाही. हा अंदाजच आहे, कारण क्षणभराचा झटका फ्यूज सोसतो. पण दुकानदाराशी बोलायला एवढा पुरतो.

मग ॲम्प किती वॅटचा घ्यायचा? सबवूफरच्या आरएमएसच्या जवळपास. थोडा कमी चालतो, थोडा जास्तही चालतो. 'कमी वॅटचा ॲम्प लावला की वूफर जळतो' हे वाक्य गाडीवाल्यांच्या तोंडी सर्रास आहे, पण ते अर्धवट आहे. कमी वीज मिळाल्याने कुठलीच कॉइल जळत नाही. होतं असं, की २०० वॅटच्या ॲम्पकडून माणूस ४०० चा आवाज काढू बघतो, ॲम्पचे व्होल्ट संपतात, लाटेचं डोकं कापलं जातं आणि ती चौकोनी होत जाते. तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेपेक्षा पूर्ण चौकोनी लाटेत दुप्पट शक्ती असते. म्हणजे २०० वॅटचा ॲम्प कडेलोटाला ४०० वॅट ओकू शकतो. सबवूफर ४०० चा असेल तर तो भिकार वाजेल पण तरेल; २०० चाच असेल तर जळेल. गुन्हा कमी वॅटचा नाही, कापलेल्या लाटेचा आहे.

जळणं म्हणजे नक्की काय, तेही बघून ठेवावं. सर्वसाधारण सबवूफर एक वॅटला एक मीटरवर ८६ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. याचा अर्थ त्याची कार्यक्षमता पाव टक्का. ४०० वॅट दिले तर आवाज होऊन बाहेर येतो तो एक वॅट, आणि ३९९ वॅट त्या मुठीएवढ्या तांब्याच्या कॉइलमध्ये उष्णता होतात. कॉइल दोनशे अंशांवर गेली की तिचा रोध दोनतृतीयांशाने वाढतो आणि ॲम्प तोच असून शक्ती चाळीस टक्क्यांनी घसरते. लांबच्या प्रवासात तासाभराने बेस बसल्यासारखा वाटतो, त्यामागे कानाच्या थकव्याइतकीच ही तापलेली कॉइलही असते. आणि जळका, गोडसर वास आला की आवाज लगेच कमी करायचा. तो कॉइलवरच्या वार्निशचा वास असतो.

ओहमचं गणित

वॅट जुळवणं सोपं आहे. माणसं फसतात ती ओहममध्ये, म्हणून इथे जरा रेंगाळू.

बरेचसे सबवूफर दोन कॉइलचे असतात. पाठीवर दोन जोड्या टर्मिनल दिसतात. '४+४ ओहम' असेल तर दोन्ही कॉइल एकापुढे एक जोडल्या की ८ ओहम, समांतर जोडल्या की २. आता एक ॲम्प घ्या, जो ४ ओहमला २५० आणि २ ओहमला ४०० वॅट देतो आणि त्याखाली जायला त्याला मनाई आहे. सबवूफर ४०० वॅट आरएमएसचा. समांतर जोडणी केली तर ॲम्पला २ ओहम दिसतात आणि पूर्ण ४०० वॅट मिळतात. त्याच सामानाची जोडणी कारागिराने एकापुढे एक केली, तर ॲम्पला ८ ओहम दिसतात आणि मिळतात जेमतेम १२५. फरक पाच डेसिबलचा. बिल तेच, तारेचा एक तुकडा इकडचा तिकडे.

उलटी चूक महाग पडते. याच ॲम्पला '२+२ ओहम'चा सबवूफर आणून समांतर जोडला तर होतो १ ओहम. ॲम्प दुप्पट प्रवाह द्यायला जातो, तापतो, लाल दिवा लावून बंद पडतो. दहा मिनिटांनी परत सुरू होतो, परत बंद पडतो. गिऱ्हाइकाला वाटतं माल खराब निघाला. माल ठीक असतो. जोडणी एकापुढे एक करून ४ ओहम केले असते तर २५० वॅटवर सुखाने वाजला असता.

आणि तिसरी गोष्ट, हौस वाढल्यावरची. एक '४+४' सबवूफर छान वाजतोय, म्हणून त्याच्या जोडीला तसाच दुसरा आणला. आता चार कॉइल झाल्या. त्यांना समान वाटणी मिळेल अशा जोडण्या तीनच: १ ओहम, ४ ओहम किंवा १६ ओहम. २ ओहम काही केल्या जमत नाही! आपल्या ॲम्पला १ चालत नाही, म्हणून ४ वर यावं लागतं, आणि दोघांत मिळून येतात २५० वॅट. शक्ती दोन डेसिबलने घटली. दोन पडदे एकत्र हलल्याने तीन डेसिबल वाढले. निव्वळ नफा एक डेसिबल, जो कानाला जेमतेम कळतो. खर्च मात्र दुप्पट, आणि डिकी भरली ती वेगळीच. दुसरा सबवूफर घ्यायचा बेत आधीपासून असेल, तर पहिला घेतानाच '२+२' घ्यावा. तसे दोन आणले की २ ओहम बरोबर जमतात.

आपल्याकडे चार चॅनेलचा ॲम्प फार चालतो: दोन चॅनेलवर पुढचे दारातले स्पीकर, आणि उरलेले दोन एकत्र करून, म्हणजे ब्रिज करून, सबवूफर. ही रचना स्वस्त आणि चांगली आहे. लक्षात ठेवायचं ते इतकंच, की ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनेलला सबवूफरचे निम्मेच ओहम दिसतात. माहितीपत्रकात 'प्रत्येक चॅनेल २ ओहमपर्यंत' असं असेल, तर ब्रिज केल्यावर ४ च्या खाली उतरायचं नाही.

जोडणी झाल्यावर ॲम्पला तार लावण्याआधी मल्टिमीटर ओहमवर ठेवून सबवूफरच्या तारांना लावा. ४ ओहमची जोडणी ३.२ ते ३.६ दाखवेल, कारण मीटर फक्त तांब्याचा रोध मोजतो. २ ओहमची १.६ ते १.८. एक-सव्वाच्या खाली काही दिसलं तर थांबा आणि तारा पुन्हा तपासा. प्रत्यक्ष वाजताना हा आकडा सुराप्रमाणे सारखा बदलत असतो. स्वतःच्या नैसर्गिक कंपनसंख्येवर तोच ४ ओहमचा सबवूफर वीस-तीस ओहम दाखवू शकतो. तेव्हा '४०० वॅट मिळतात' म्हणजे सतत मिळतात असं नव्हे.

खोका, आणि खोक्याभोवतीची गाडी

एवढं सगळं जुळवून सबवूफर नुसता डिकीत उघडा ठेवला तर आवाज जवळजवळ येणारच नाही. पडदा पुढे जाताना पुढची हवा दाबतो आणि मागची ताणतो. दोन्ही लाटा एकमेकींना खोडून टाकतात. मागची लाट कोंडणं हे खोक्याचं पहिलं काम. दुसरं काम जास्त नाजूक आहे. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने दाबून दांडा ढकला; आतली हवा स्प्रिंगसारखी उलटा धक्का देते. बंद खोक्यातली हवा सबवूफरच्या पडद्याशी असंच वागते. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी या हवेच्या स्प्रिंगवर मुद्दाम भिस्त ठेवून १९५४ साली एआर-१ हा स्पीकर आणला, आणि कपाटाएवढ्या खोक्यांचा बेस पुस्तकांच्या फळीवर मावू लागला.

खोका किती लिटरचा हवा, हे मात्र त्यानंतरही बरीच वर्षं अंदाजपंचे चालायचं. ऑस्ट्रेलियातले अभियंते नेव्हिल थील यांनी १९६१ साली भिंतीत छिद्र ठेवलेल्या खोक्याचं गणित मांडलं. तिकडे दहा वर्षं फारसं कोणी पाहिलं नाही. १९७१ साली तो निबंध अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात पुन्हा छापला गेला, आणि पाठोपाठ सिडनी विद्यापीठात संशोधन केलेल्या रिचर्ड स्मॉल यांनी ते काम पुढे नेलं. आज सबवूफरच्या माहितीपत्रकात एफएस, क्यूटीएस, व्हीएएस असे जे आकडे दिसतात ते या दोघांचे. दुकानात ते पान उघडून कोणी बघत नाही, आणि खरं तर खोका याच पानावरून बनायला हवा. तयार मिळणारा '१२ इंचीचा खोका' ही चीजच संशयास्पद आहे. कुठल्या १२ इंचीचा?

बंद खोका की छिद्राचा, या वादात गाडीलाही मत असतं. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर. छोट्या हॅचबॅकचं पोट आतून पावणेतीन मीटर. इतकी लांब लाट आत मावतच नाही. सूर जसजसा खाली जातो तसा सबवूफर लाट पाठवेनासा होतो आणि गाडीतल्या सगळ्या हवेचा दाबच खालीवर करू लागतो. साठ-पासष्ट हर्ट्झच्या खाली यामुळे गाडी आपणहून बेस वाढवते, कागदावर दर सप्तकाला १२ डेसिबल इतका. आता गंमत बघा: बंद खोक्याचा आवाज खाली जाताना दर सप्तकाला १२ डेसिबलनेच घसरतो. घसरण आणि चढण एकमेकींना भरून काढतात. प्रत्यक्षात पत्रा लवतो, दारांच्या फटींतून दाब निसटतो, म्हणून गणित पूर्ण जुळत नाही, तरीही घरात पोकळ वाटणारा लहान बंद खोका गाडीत भरदार वाजतो तो यामुळे. खात्री करायची तर गाणं चालू असताना मागच्या दोन्ही काचा खाली करा. बेस पातळ होईल.

छिद्राचा खोका आणि त्याचाच गोल भाऊ, म्हणजे बाजारात सगळीकडे दिसणारी बेस ट्यूब, तेवढ्याच वॅटमध्ये जास्त दणका देतात. छिद्रातल्या हवेचा एक ठरलेला सूर असतो, बहुधा ३२ ते ४० हर्ट्झमधला. तिथे पडदा कमी हलतो आणि छिद्रच वाजतं. पण त्या सुराच्या खाली पडद्याला हवेचा आधार उरत नाही. ४०० वॅट सोसणारा सबवूफर २५ हर्ट्झला शे-दीडशे वॅटमध्येही पडद्याची हद्द ओलांडून ठकाठक आपटू लागतो. म्हणून छिद्राच्या खोक्याबरोबर ॲम्पवरचा 'सबसॉनिक' फिल्टर लावायचाच, खोक्याच्या सुराच्या थोडा खाली. आणि स्वस्त ट्यूबमध्ये एकच सूर बाकी सगळ्यांवर कुरघोडी करतो: गाणं कुठलंही लावा, ठोका तोच. माझं मत विचाराल तर हॅचबॅकला १८ मिलिमीटर एमडीएफचा, कोपरे सिलिकॉनने बुजवलेला, २५-३० लिटरचा बंद खोका. तालाचा ठोका वाजून लगेच थांबतो. ढोल ढोलासारखा आणि बेस गिटार बेस गिटारसारखी ऐकू येते.

सीएनजीवाल्यांचं काय? टाकीने डिकी खाल्लेली असते. त्यांनी सीटखाली बसणारा, ॲम्प पोटातच असलेला आठ इंची चपटा सबवूफर घ्यावा. काचा हलणार नाहीत, पण ५० हर्ट्झपर्यंतचं गाणं पुरं होईल; आणि ॲम्प-सबवूफरची जोडी कारखान्यातूनच जमवून आलेली असते, हा मोठा फायदा. टाकीच्या आजूबाजूला स्क्रू मारणं किंवा तारा ओढणं मात्र कोणालाही करू देऊ नका.

तार, फ्यूज आणि गेन

४०० वॅटचा 'डी' वर्गाचा ॲम्प पूर्ण जोरात बॅटरीकडून ३६ अँपिअर ओढतो, 'एबी' वर्गाचा ५० च्या वर. संगीतात सरासरी याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असते, म्हणून मधल्या आकाराच्या गाडीचा अल्टरनेटर हे निभावतो. तार मात्र ठोक्याच्या क्षणासाठी निवडायची. पाच मीटरच्या आठ गेजच्या तांब्याच्या तारेत ३६ अँपिअरला ०.३७ व्होल्ट हरवतात, चार गेजमध्ये ०.१५. स्वस्त वायरिंग किटमधली तार बरेचदा ॲल्युमिनिअमची, वरून तांब्याचा मुलामा. तिच्यात दीडपटीहून जास्त नुकसान. एक धागा ब्लेडने खरवडा, आत पांढरं दिसलं तर ओळखा. रबराच्या जाडीवर जाऊ नका, गेज रबराचा नसतो.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर-हातभर अंतराच्या आत हवाच. तो ॲम्प वाचवायला नसून तार वाचवायला असतो. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, म्हणजे फायरवॉलच्या, धारेवर तार घासून उघडी पडली आणि मध्ये फ्यूज नसेल तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि गाडी पेटते. यात तडजोड नाही. अर्थची तार अर्ध्या मीटरच्या आतली, तितकीच जाड, आणि रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्टने आवळलेली. डेकपासून येणारी आरसीए केबल आणि विजेची तार गाडीच्या दोन वेगळ्या बाजूंनी न्यायची, नाहीतर ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून शिट्टी ऐकू येते.

हेडलाइट ठोक्याबरोबर मिचकावू लागले की 'कपॅसिटर टाका' असा सल्ला मिळतो. एक फॅरडचा कपॅसिटर १४.४ वरून १२ व्होल्टवर येईपर्यंत साधारण ३२ ज्यूल ऊर्जा देतो. ५०० वॅटच्या मागणीपुढे ती सेकंदाच्या सोळाव्या भागात संपते. तेच पैसे जाड तारेत घालावेत. आणि इंजिन बंद ठेवून जोरात वाजवाल तर छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तुम्हाला घरापर्यंत गाडी ढकलायला लावेल.

राहिला ॲम्पवरचा गेन. तो म्हणजे आवाज वाढवायचं बटण नव्हे. डेकचा सिग्नल कितीही असो, ॲम्पने आपल्या पूर्ण शक्तीला नेमकं कुठे पोचायचं एवढंच तो ठरवतो. पद्धत सोपी आहे. डेकचे सगळे टोन शून्यावर, ॲम्पचा बेस बूस्ट बंद, सबवूफरची तार सोडवलेली. फोनवर ५० हर्ट्झचा स्वच्छ टोन लावून डेकचा आवाज तीन-चतुर्थांशावर न्या. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या आउटपुटला लावा. हवे ते वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: ४०० गुणिले २ म्हणजे ८००, वर्गमूळ २८.३. मीटर २८ दाखवेपर्यंत गेन हळूहळू फिरवा आणि सोडून द्या. आपल्या घरच्या विजेची कंपनसंख्याही ५० हर्ट्झच, त्यामुळे साधा मीटरही इथे बरोबर चालतो. मग बेस बूस्टच्या बटणाला हात लावायचा नाही: ६ डेसिबल बूस्ट म्हणजे चौपट वॅटची मागणी, आणि ते वॅट ॲम्पकडे नाहीत.

फिल्टर ८० हर्ट्झवर: सबवूफरला त्याच्या खालचं, दारातल्या स्पीकरना वरचं. दारातले स्पीकर बेसच्या ओझ्यातून सुटले की गायकाचा आवाज लगेच मोकळा होतो. शेवटी ड्रायव्हरच्या सीटवर बसून फेजचा खटका शून्य आणि १८० वर आलटूनपालटून बघा. ज्या बाजूला बेस जास्त भरतो आणि समोरून आल्यासारखा वाटतो, ती बाजू खरी. त्यानंतर नंबरप्लेट आणि डिकीचं आतलं प्लास्टिक खडखडतंय का ते मागे बसून ऐका. निम्म्या गाड्यांत 'बेस फाटतोय' ही तक्रार नंबरप्लेटची असते.

खरेदीचा क्रम बाजारात उलटा चालतो. आधी ॲम्प ठरतो, मग त्याला शोभेलसा सबवूफर, आणि खोका-तार उरलेल्या पैशांत. तुम्ही आधी टेप घेऊन डिकी मोजा आणि किती लिटर देता येतील ते ठरवा. तेवढ्या लिटरमध्ये चालणारा सबवूफर त्याच्या माहितीपत्रकावरून निवडा, त्याच्या आरएमएसला आणि ओहमला बसेल असा ॲम्प मग घ्या, आणि तारेचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा. कारागीर गेन लावायला बसेल तेव्हा स्वतःचा मल्टिमीटर घेऊन शेजारी उभे राहा. नाहीतर गेन आणि बेस बूस्ट दोन्ही शेवटापर्यंत फिरवूनच गाडी तुमच्या हातात येईल.